पाठीवरचं पाणी

१ फेब्रुवारी, रविवार

बाटली गेली! तिसरी. टेकडीच्या मागच्या उतारावर झाडांची मुळं वर आली आहेत, तिथे सायकल अशी दणकली की बाटली उडाली ती थेट खालच्या झुडपांत. थांबून शोधायची सोय नव्हती — वाट जेमतेम एका चाकाची आणि मागून माझी रविवारची सायकल-सोबतीण, बँकवाली, सुसाट येत होती. तिचीही बाटली तोवर रिकामी झालेली. पुढची सगळी वाट कोरड्या घशाने.

घरी आले तेव्हा डोकं ठणकत होतं, पोटरीत गोळा आला होता. पायरीवरच बसकण मारली. दादा खिडकीतून बघत होता.

'बारके, बाटली कुठंय?'

'गेली.'

'पाठीवरची पिशवी घे आता. नळीवाली. कितीदा सांगायचं?'

आत जाऊन ओट्याशी उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायले. एक ग्लास, दुसरा, मग अर्धा. वळले तर दादा दारात. बघत नव्हता माझ्याकडे. ऐकत होता.

२ फेब्रुवारी, सोमवार

दादाचा आज डायलिसिसच्या मशीनचा दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार — दोन वर्षं हेच चाललंय. तिथे पडल्या पडल्या त्याने फोनवर पाण्याच्या पिशव्यांची सगळी माहिती उपसून काढली. संध्याकाळपर्यंत मला अकरा मेसेज. नळीच्या टोकाची टोपी चावल्यावर पाणी येतं म्हणे, सोडली की बंद. 'टोपी झाकणवाली घे, नाहीतर चिखल खाशील.'

ज्या माणसाला दिवसाला मोजून पाऊण लिटरसुद्धा पाणी मिळत नाही, तो माझ्या पाण्याची काळजी करतोय. वहिनी सकाळी त्याची निळी बाटली भरते. दिवसभराचं तेवढंच. चहा, गोळ्यांवरचं पाणी, वाटीतलं पातळ काहीही — सगळं त्यातूनच वजा. जास्त झालं तर ते बाहेर कुठे जाणार? छातीत भरतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या चष्म्याच्या दुकानातून लवकर निघून सायकलच्या दुकानात गेले. मालकाला सगळे स्पोक म्हणतात, तारेसारखा सडपातळ आहे म्हणून. तोंड मात्र सडपातळ नाही!

'ताई, तीन लिटरची घ्या. पाणी जास्त झालं म्हणून कुणी रडत आलेलं नाही माझ्याकडे.'

तीन लिटरची पाठीवर घेतली. त्याने भरूनही दिली. बाई गं! शाळेतलं दप्तर आठवलं. दुकानाबाहेर दगडी फरशीवर चार फेऱ्या मारल्या, तर वळताना मी एकीकडे आणि पिशवी दुसरीकडे. दुसरी जाकिटासारखी, अंगाला घट्ट बसणारी, पण त्यात पाणी दीड लिटर आणि ट्यूब, पंप, पाने ठेवायला जागा नाही. तिसरी कमरेची. ती बांधल्यावर पोट असं वर आलं की आरशात बघून मीच हसले.

स्पोक म्हणाला, 'मग? कुठली बांधू?' म्हटलं, विचार करून सांगते. त्याचा चेहरा पडला.

८ फेब्रुवारी, रविवार

एरवी दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवते आणि विचारते — हे बरं की ते बरं? आता की आधी? लोक गोंधळले तर आतल्या आत वैतागते. इतकं काय अवघड आहे, असं वाटतं.

आज दादाने समोर तीन फोटो धरले. 'हे बरं की ते बरं? आता की आधी?' माझाच आवाज काढून! वहिनी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी एवढं हसलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा निकाल: दोन लिटरची, पाठीला जाळी, छातीवर आणि कमरेला असे दोन पट्टे. पिशवीचं तोंड रुंद हवं, म्हणजे हात घालून घासता येते, आत बुरशी धरत नाही. नळी छातीवरच्या चुंबकाला चिकटायला हवी, म्हणजे उतारावर हात न सोडता मान खाली घातली की पाणी तोंडाशी.

'आणि तीन लिटर का नको?' मी विचारलं.

'तीन लिटर म्हणजे माझं चार दिवसांचं पाणी. ते पाठीवर घेऊन धडपडलीस तर मला बघवणार नाही.'

चेष्टेतच म्हणाला. वहिनी हसली नाही. ती म्हणाली, 'फोनचा कप्पा पुढे असू दे. पट्ट्यावर. मागे टाकशील आणि ऐकू यायचा नाही.'

हॉस्पिटलचा फोन कधीही येऊ शकतो म्हणून. दादाचं नाव किडनीच्या यादीत आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघींनीही तपासण्या करून घेतल्या. वहिनीला साखर निघाली, ती बाद. मी ठणठणीत, पण रक्तगट वेगळा.  त्या दिवशी परत येताना गाडीत दादाच म्हणाला, 'चला, बारकीची सायकल वाचली.'

सायकल खरं तर त्याचीच. आजारी पडल्यावर त्याने सीट खाली करून मला दिली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

घेतली! राखाडी, पट्टे नारिंगी. स्पोकने बांधून देताना परत एकदा तीन लिटरवालीकडे आशेने पाहिलं.

घरी येऊन लगेच भरली. झाकण तिरकं लागलं आणि अर्धी पिशवी फरशीवर. ओट्यापासून पार दारापर्यंत पाणी. वहिनीने फडकं आणलं. मी पुसायला वाकले तर दादा खुर्चीवर बसून त्या पाण्याकडे बघत होता. भुकेलं माणूस ताटाकडे बघतं तसं. मी पटापट पुसलं.

मग त्यानेच शिकवलं. भरल्यावर पिशवी उलटी धर, नळीतून आतली हवा ओढून घे, म्हणजे पाठीवर डुचमळत नाही. 'डुचमळलं की उतारावर तोल जातो, आणि आवाजाने डोकं फिरतं ते वेगळंच.' त्याच्या काळात त्याच्याकडे अशी पिशवी नव्हती. सगळं वाचून पाठ!

१५ फेब्रुवारी, रविवार

काय सांगू! मुळांचा उतार, त्यापुढचे दगड, गिरणीच्या वळणाचा चढ — एकदाही हात सोडला नाही. मान खाली, चावा, घोट, पुढे. बँकवाली बाटलीसाठी थांबली आणि मी पुढे निघून गेले! पहिल्यांदाच. पाण्याला थोडी प्लास्टिकची चव आहे, पण ती जाईल म्हणतात.

दादाला सगळं हवं होतं. कुठे प्यायलीस? पट्टा खांद्याला काचला का? पाणी थंड राहिलं का? मी सांगत गेले. तो डोळे मिटून ऐकत होता.

२२ फेब्रुवारी, रविवार

काल दुपारीच पिशवी भरून ठेवली, सकाळी घाई नको म्हणून. सकाळी उठले तर असा वारा की सायकल भिंतीला टेकवलेली पडली. बँकवालीचा मेसेज — आज नको. परत झोपले. दुपारी दुकानात हिशेबनीस यायचा होता म्हणून तिकडे. पिशवी पॅसेजमधल्या खुंटीवर तशीच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

उजाडता उजाडता वहिनीची हाक. दादा पलंगावर ताठ बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, श्वास घेताना घर्रघर्र. आडवं होता येत नव्हतं. ओठ निळसर. अँब्युलन्स आली. मी पुढे बसले, वहिनी मागे त्याच्याजवळ.

छातीत पाणी. ताबडतोब मशीनवर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन विचारलं, 'शनिवार-रविवारात किती पाणी झालं?' वहिनी म्हणाली, 'बाटलीभरच. मी स्वतः भरते.' 'नाही,' त्या म्हणाल्या. 'वजन काही वेगळंच सांगतंय.'

दुपारी कपडे न्यायला घरी आले. पॅसेजमधून जाताना पिशवीला धक्का लागला. हलकी. झाकण घट्ट, खाली फरशी कोरडी. पिशवी गळली नव्हती.

मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'भरून ठेवायला नको होतीस गं.' मग तोंड फिरवलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

दादा आता बरा. ऑक्सिजन काढला. वहिनी खाली औषधं आणायला गेली तेव्हा स्वतःच बोलला.

'ग्लास घेतला की आवाज होतो. नळ सोडला की आवाज होतो. हिला कळतं. त्या नळीला आवाजच नाही, बारके.'

मी स्टूल पलंगाजवळ ओढलं.

'एकच घोट म्हणून गेलो. टोपी चावली. गार होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी मोजत नव्हतं. पोट टम्म झालं तरी थांबता येईना. तोंड पुसून खोलीत आलो आणि हिच्यासमोर निळ्या बाटलीतला एक घोट घेऊन दाखवला.' मग छताकडे बघत म्हणाला, 'लाज वाटते.'

मला राग यायला हवा होता. सोमवारपासून साठवून ठेवलेला, काय काय बोलायचं ते ठरलेलं. पण त्याचा हात हातात घेतला तर इतका हलका लागला — सगळं विसरले. म्हटलं, 'चव प्लास्टिकची होती का अजून?'

'थोडी,' तो म्हणाला. आणि रडला.

३ मार्च, मंगळवार

पिशवी धुऊन, वाळवून कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली, मागे. परत दिसायला नको.

संध्याकाळी पाहते तर वहिनीने ती खाली काढून माझ्या पलंगावर ठेवलेली. 'तू जा सायकलवर,' म्हणाली. 'त्या दिवशी बोलले ते बोलले. घरात नळ आहेच की. नळ कुठे कपाटात टाकणार आहोत?'

'मग भरू कुठे?'

'गल्लीच्या टोकाला पाण्याच्या पंपावर भर. येताना रिकामी करून ये.'

इतकं सरळ! माझ्या का नाही लक्षात आलं?

९ मार्च, सोमवार

हॉस्पिटलच्या समन्वयक बाईंचा फोन, दुकानात असताना. एक म्हातारे गृहस्थ भिंगांसमोर बसलेले. म्हटलं, आजोबा, दोन मिनिटं. दोनाची वीस झाली.

एक कुटुंब आहे. त्यांच्यात बायको आजारी, नवरा द्यायला तयार, पण रक्तगट जुळत नाही. त्या नवऱ्याचा गट दादाला चालतो. त्याच्या बायकोला माझा चालतो. म्हणजे माझी किडनी त्या बाईला, आणि तिच्या नवऱ्याची दादाला. चार शस्त्रक्रिया, एकाच दिवशी. कुणी मागे फिरू नये म्हणून एकाच दिवशी. गेल्या वर्षी मी अदलाबदलीच्या यादीत सही करून ठेवली होती. विसरलेच होते.

'विचार करून सांगा. घाई नाही,' बाई म्हणाल्या. 'पण फार उशीरही नको.'

आत आले. आजोबांपुढे भिंग सरकवलं. हे बरं की — पुढचं बोलताच येईना. आजोबांनीच विचारलं, 'वाईट बातमी का?' म्हटलं, नाही. चांगली असावी.

१० मार्च, मंगळवार

दादा नाही म्हणाला. सरळ. वरून आवाजही चढवला.

'तुझ्या पोटातून काढायची, भलत्याच बाईला द्यायची, आणि त्या बदल्यातली मिळणार कुणाला? ज्याला चार घोट पाणी सांभाळता आलं नाही त्याला! उद्या परत कुठे घसरलो तर? ती वाया गेली, तुझीही गेली. तू आयुष्यभर एका किडनीवर, आणि हातात काय?'

वहिनी म्हणाली, 'फोन हिला आला होता. तुम्हाला नाही.'

'मला नकोय!'

ताट तसंच ठेवून उठला. वहिनीने त्यावर झाकण घातलं आणि मला म्हणाली, 'तू आधी स्वतःचं बघ. खरंच. आम्ही दोघं काहीही म्हणू. तुला भीती वाटत असेल तर नाही म्हण, मी तोंड फिरवणार नाही.'

भीती वाटतेच. टाके, भूल, दुकानाची सुट्टी, सगळ्याचीच. सर्जनला विचारायला गेले तेव्हा पहिला प्रश्न तोंडातून हा निघाला — कमरेचा पट्टा टाक्यांवर येईल का? ते हसले. असं कुणी विचारलं नव्हतं म्हणे. सहा महिन्यांनी सायकल चालेल, पण कुशीवर आपटायचं नाही. म्हणजे मुळांचा उतार बहुतेक गेला.

१५ मार्च, रविवार

एकटीच गेले. बँकवालीला मुद्दाम सांगितलं नाही. पंपावर पिशवी काठोकाठ भरली, हवा ओढून काढली, नळी चुंबकाला लावली. ठरवलं होतं — प्यायचं नाही. माथ्यावर जाऊन परत येईपर्यंत एक घोटही नाही. काय होतं ते बघायचं.

सुरुवातीला काहीच नाही. मग जीभ जाड झाली. मग दुसरं काही दिसेनाच. वाट नाही, दगड नाहीत, ती नारिंगी टोपी तेवढी हनुवटीखाली डोलतेय. पाठीला पाणी गार लागतंय, जाळीतूनसुद्धा. अंगावर पाणी घेऊन तहानलेलं राहायचं म्हणजे काय ते कळलं. वाटेत एक बाई कुत्र्याला पाणी पाजत होती, तिच्याकडे मी अशी बघत राहिले की तिने विचारलं, 'बरं आहे ना?'

गिरणीच्या वळणाशी चढ सुरू झाला आणि माझी मान आपोआप खाली गेली. चावा, घोट. मग उतरले, रस्त्याच्या कडेला बसले आणि प्यायची थांबलेच नाही. माथा राहिला तिथेच.

घरी आले. दादा पेपर वाचत होता, म्हणजे समोर धरून बसला होता. मंगळवारपासून माझ्याशी कामापुरतंच बोलणं. समोर बसले आणि सांगितलं — काय ठरवलं होतं, कुठे मोडलं.

'मला एक सकाळ नाही निघाली, दादा. तू दोन वर्षं काढलीस. एक रविवार घसरलास, त्याचं काय घेऊन बसलास?'

तो पेपराची घडी घालत राहिला, परत उलगडून परत घातली.

'कुठे प्यायलीस?'

'गिरणीच्या वळणावर.'

'तो चढ वाईटच आहे,' तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, 'दुखेल बरं का तुला. फार दुखतं म्हणतात.'

'माहितेय.'

'त्या बाईला मुलं आहेत?'

'विचारलं नाही. सांगतही नाहीत.'

'असतील,' दादा म्हणाला.

१६ मार्च, सोमवार

फोन केला. आम्ही दोघंही हो.

२ एप्रिल, गुरुवार

किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढे बसले. टेबलाच्या पलीकडे पाच जण. कुणी जबरदस्ती केली का? काही आमिष? पुढे पस्तावलात तर? आळीपाळीने तेच प्रश्न, वेगवेगळ्या तोंडांनी. शेवटी एकांनी चष्मा काढून विचारलं, 'ज्यांना देताय त्या बाईंना तुम्ही ओळखतही नाही. मग का?'

म्हटलं, त्यांनाही मोजून पाणी मिळत असेल.

त्यांनी खाली काहीतरी लिहिलं. बाहेर आले तर वहिनी बाकावर बसलेली, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून, जणू कुणी ओढतंय. म्हटलं, तुझा चष्म्याचा नंबर वाढलाय, डोळे बारीक करून बघतेयस. 'गप्प बस,' म्हणाली आणि रडता रडता हसली.

१९ एप्रिल, रविवार

परवानगी आली. तारीख पुढच्या महिन्यात. बँकवालीला आज सांगितलं.  तिने मुळांच्या उतारावर आज मला पुढे जाऊ दिलं, आणि खाली पोचल्यावर म्हणाली, 'हा उतार तसाही मला कधीच आवडत नव्हता.' खोटारडी!

२३ मे, शनिवार

कूस दुखते. शस्त्रक्रिया झाली. मी चाकांच्या खुर्चीत, वहिनी मागून ढकलत, असं दादाच्या खोलीच्या काचेपर्यंत गेलो. तो उशांना टेकून बसलेला, हातात ग्लास. पोट धरून बघत राहिले. नर्स त्याला दटावत होती — प्या, अजून प्या, भरपूर प्यायचं! दादाने अर्ध्यावर ग्लास खाली ठेवला. ओठ हलले. वहिनीने आत विचारून येऊन सांगितलं.

'म्हणतात, बास. तहान नाही.'